पाण्याबरोबर आलेला

चैत्र लागला होता, ऊन चटके देत होतं, आणि नीलम्मा मांजरेच्या मधोमध बसली होती.

मधोमध म्हणजे अगदी नदीच्या पोटात. दिवाळीपासून पात्रात थेंब नव्हता. वाळूत खणलेल्या झिऱ्याशी ती गुडघे टेकून वाकली होती. करवंटी बुडवायची, घागरीत ओतायची, आणि पुन्हा पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. वाट बघण्यात तिचा अर्धा दिवस जायचा. तिला आता त्याचा रागही येत नव्हता.

"ओ बाई! बाहेर निघा! पाणी येतंय!"

तिनं मान वर केली. नदीच्या वरच्या अंगानं एक तरुण सायकल ढकलत येत होता. चाकं वाळूत रुतत होती, पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडात शिट्टी होती. दर चार पावलांनी तो ती फुंकत होता.

नीलम्मानं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"कुठून येतंय? वर तर बोटाएवढा ढग न्हाई."

"धरणातून! वरून सोडलंय. सगळ्या गावांना सांगत चाललोय."

"शिट्टीनं सांगून राहिलाव व्हय? मला वाटलं, नदीतून बस आली."

तो थांबला. रागवावं की हसावं ते त्याला कळेना... आणि तेवढ्यात हसू आलंच. पण ते ओठांवर पुरतं यायच्या आत नीलम्मानं हात वर केला.

"गप. ऐका."

आधी कडब्यातून वारा फिरावा तसा आवाज आला. मग तो जवळ आला, जाड झाला. आणि वळणावरून पाणी आलं — गुडघाभर उंचीचं, तांबूस, तोंडाशी फेस धरलेलं. पुढं काटक्या, गोवऱ्या, कुणाची तरी तुटकी चप्पल ढकलत ते वाळू चाटत येत होतं. त्याच्या मागं मात्र नदी होती. खरी, आख्खी नदी.

नीलम्मानं घागर कमरेला लावली आणि धावली. काठाशी पोचून बघते तर हा गडी अजून तिथंच, रुतलेली सायकल उपसतोय!

"सायकल सोडा!"

"सरकारी हाय ती!"

"तुमी बी सरकारीच हायत का? सोडा मन्ते ना!"

ती परत फिरली. घागर कधी सुटली ते तिला कळलं नाही. तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. पाणी पोटऱ्यांना लागलं, गुडघ्याला लागलं, पायाखालची वाळू सरकली... दोघं कसेबसे काठाच्या दगडांवर येऊन पडले. मागं सायकल एकदा उभी राहिली, हँडल वळवून जणू निरोप दिला, आणि गेली.

"माझी सायकल..." तो म्हणाला.

"माझी घागर," ती म्हणाली.

दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागले. हसता हसता नीलम्माच्या लक्षात आलं, त्याचं मनगट अजून आपल्याच हातात आहे. तिनं ते पटकन सोडलं आणि पदर सावरला. तो आपल्या मनगटाकडं बघत राहिला.

"पवता येत न्हाई वाटतं तुम्हाला?"

"न्हाई."

"आणि खातं कोणतं मन्लाव?"

"मी कुठं सांगितलं अजून?" तो जरा लाजला. "...पाटबंधारे."

नीलम्मा पुन्हा हसली. या वेळी एकटीच.

*

त्याचं नाव सिद्धेश्वर. उदगीरच्या गुरुपादप्पा अडत्यांचा धाकटा. लातूर जिल्हा नवा झाला, नवी कार्यालयं उघडली, तेव्हा दुकानाच्या गादीवर बसायचं सोडून हा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत शिरला. वडिलांनी अजून त्याला माफ केलं नव्हतं. हे सगळं नीलम्माच्या वडिलांनी, महादेवप्पांनी, भाकरीचं ताट पुढं ठेवून त्याच्याकडून काढून घेतलं. तापातून नुकतेच उठलेले महादेवप्पा भिंतीला टेकून बसले होते.

"जिल्हा झाला, चांगलं झालं," ते म्हणाले. "उस्मानाबादेला हेलपाटे घालायचो, आता कलेक्टर जवळ आला. पाणी तेवढं लांब गेलं."

नीलम्मानं आतून बघितलं — सिद्धेश्वरनं ते टोमणा म्हणून घेतलं नव्हतं. खरं म्हणून घेतलं होतं. चावता चावता तो थांबला होता.

संध्याकाळी नीलम्माचं कवठाळी गाव सगळं काठावर लोटलं. बायकांनी पाण्याला हळदीकुंकू वाहिलं. म्हाताऱ्यांनी नुसते पाय सोडून ठेवले. सिद्धेश्वर एका बाजूला दगडावर बसला होता. नीलम्मा नवी घागर घेऊन मुद्दाम त्याच बाजूला गेली. पाणी काय, कुठंही भरता आलं असतं.

"आता काय करणार? शिट्टी तर हाय अजून."

"आता पाण्याच्या तोंडाबरोबर जायचं. मधे कुणी अडवत न्हाई ना, इंजिनं लावत न्हाई ना, ते बघायचं. पिण्यापुरतं सोडलंय, चार दिवसांत बंद करतील. जिल्ह्याच्या शेवटच्या गावाला पोचलं की माझं काम संपलं."

"शेवटचं गाव म्हंजे?"

"बेलकुंडी."

नीलम्माच्या हातातली घागर तशीच राहिली. बेलकुंडीला तिची मोठी बहीण दिली होती, गौरम्मा. संक्रांतीला ती माहेरी आली नव्हती. टँकर कधी येईल सांगता येत नाही, आपण नसताना आला तर घरातली सगळी तहानलेली राहतील, म्हणून आली नव्हती.

"माझी अक्का हाय तिथं," ती हळूच म्हणाली.

"पोचवतो पाणी. शब्द हाय माझा."

"शब्द देऊ नका, साहेब. पाण्याचं तुमच्या हातात काय हाय?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. उन्हं उतरली होती आणि पाण्याचा तांबूस उजेड तिच्या गालावर हलत होता. "हातात काही न्हाई," तो म्हणाला. "म्हणून तर बरोबर चालायचं. आणि — साहेब मनू नका."

"मग काय मनू?"

तो इतका गोंधळला की तिला दया आली. घागर डोक्यावर घेऊन ती निघून गेली. पण चालताना तिला वाटत राहिलं, कुणीतरी आपली पावलं मोजतंय.

*

सकाळी पहिल्या बसच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. खाली खडकेवाडीला पाणी अडलंय. लोकांनी रात्रीतून वाळूची पोती टाकून नदीला बांध घातलाय.

सिद्धेश्वर उभा राहिला. पण जाणार कसा? सायकल नव्हती. बस निलंग्यावरून वळसा घालून जायची, ती संध्याकाळी पोचणार. काठानं बाभळबन आणि नाले.

"नदीनं दुपारपतोर पोचता येतं," नीलम्मा म्हणाली.

तिचे वडील तिच्याकडं बघत राहिले. त्यांची अर्धी जमीन पलीकडच्या काठाला होती, म्हणून घरात हरगोल होता — वेताच्या कामट्यांची मोठी गोल टोपली, बाहेरून डांबर लावलेलं जाड कापड. नीलम्माची आई कृष्णाकाठची. तिकडं रायचूरच्या बाजूला सगळे असल्याच टोपलीत नदी ओलांडतात. लहानपणी मामाच्या गावी नीलम्मा वल्हं मारायला शिकली, आणि आई गेल्यावर घरातला हरगोल तिच्याच हाती आला.

"खडकांच्या गळ्यातून जावं लागंल," महादेवप्पा म्हणाले.

"माहीत हाय, अप्पा."

"मी येऊ शकत न्हाई."

"अक्का हाय तिकडं."

महादेवप्पांनी डोळे मिटले. आता ते नाही म्हणतील असं वाटलं. पण शेजारच्या केवळामाय गाठोडं घेऊन दारात उभ्याच होत्या. "मी जाते संगं," त्या म्हणाल्या. "माझी बी लेक बेलकुंडीलाच हाय. पाणी गेलं की मीबी जाते. आणि पोरगी एकटी परक्या माणसासंगं गेली असं कुणी मनायला नगं. मनंल तर मला तोंड हाय."

अशी ती तिघं निघाली. नीलम्मा पुढं गुडघ्यावर, हातात वल्हं. मधे केवळामाय, मांडीवर गाठोडं. मागं सिद्धेश्वर, दोन्ही हातांनी काठ पकडून.

"काठ सोडा. वजन मधी घ्या," नीलम्मा न वळता म्हणाली.

"सोडलं तर मी पडंन."

"पकडलं तर आमी पडू."

त्यानं काठ सोडला. हरगोल सावकाश गरगरत धारेला लागला. नीलम्मा वल्हं पुढं टाकून पाणी आपल्याकडं ओढत होती, जणू नदीची चादर गोळा करत होती. दोन्ही काठांवरून वाळलेली शेतं, उघड्या बाभळी मागं सरकत होत्या. मधूनच हरगोल फिरायचा, धार बघायला ती मागं वळायची आणि तिचा चेहरा त्याच्यासमोर यायचा. मग ती वल्ह्याच्या एका ओढीत पुन्हा पुढं वळायची.

"साहेब, ही लई हट्टी हाय बरं का," केवळामाय म्हणाल्या. "हिला बघायला पाव्हणे आलते अहमदपूरकडचे. सगळं जमलं. मग मन्ले, लग्नानंतर हे नावेचं खूळ बंद. ही मन्ली, न्हाई. उठून गेले बिचारे."

"माय, पुरे की!"

"खोटं बोलून राहिले का मी?"

सिद्धेश्वरनं विचारलं, "बिचारे कोण? ते का ह्या?"

नीलम्माचं वल्हं अर्ध्यातच थांबलं. मग ती म्हणाली, "बोलू नका आता. गळा आला."

दोन्हीकडून काळा खडक पुढं आला होता आणि नदी एकाएकी अरुंद झाली होती. कोरड्या दिवसांत इथून शेरडं चालत जायची. आता तिथं पांढरा फेस उसळत होता आणि आवाज असा की एकमेकांचं ऐकू येईना. हरगोलाचं तोंड खाली गेलं. पाण्याचा थपका सिद्धेश्वरच्या तोंडावर बसला. त्याला डोळे मिटावेसे वाटले, पण तो समोर बघत राहिला... समोर ती होती. पाठ ताणलेली, वेणी भिजून मानेला चिकटलेली. ती खडकाशी भांडत नव्हती. पाणी जिकडं वळायचं त्याच्या अर्धा क्षण आधी ती वळत होती.

मग डाव्या बाजूनं कर्रकन आवाज आला. खडकानं कापड फाडलं होतं. बुडातून पाणी कारंज्यासारखं वर आलं.

"दाबा! काहीतरी लावा त्याला!"

सिद्धेश्वरनं इकडं तिकडं बघितलं. केवळामायनं गाठोडं छातीशी धरलं. शेवटी त्यानं गळ्यातला रुमाल भोकात कोंबला आणि स्वतः त्यावर बसला.

"तसंच बसा!" नीलम्मा ओरडली. "हलू नका!"

"कुठं जाऊ?"

आणखी एक उसळी, एक गिरकी, पाठीवर पाण्याचा सपकारा — आणि हरगोल गळ्यातून बाहेर पडला. पुढं पाणी संथ होतं, आरशासारखं. नीलम्मानं वल्हं मांडीवर ठेवलं. पहिल्यांदाच ती पुरती मागं वळून बसली.

"भ्याल्या होता?" त्यानं हळू विचारलं.

"हाव. तुमी?"

"मीबी. पण... पुन्हा जायचं मन्लं तर जाईन."

"आता साहेब जाग्यावर बसले," केवळामाय म्हणाल्या.

*

पाणी संथ झालं होतं ते बांधामुळं. खडकेवाडीच्या पुरुषांनी पोत्यांची भिंत घातली होती आणि वर ते काठ्या घेऊन उभे होते. पुढं शेषेराव, गावचे जाणते.

"पाणी अडवता येत न्हाई," सिद्धेश्वर बुडाखालचा रुमाल न सोडता म्हणाला. "खालच्या गावांना पोचवायचंय."

"आणि आमी काय वरचे हाव का?" शेषेराव म्हणाले. "आमच्या विहिरी बघा आधी. तुमी चार दिवसांनी दार बंद करणार. मग आमच्याकडं कोण येणार? तुमी?"

नीलम्मा सिद्धेश्वरकडं बघत होती. आता हा पोलिसांचं नाव काढील, तिला वाटलं. काढलं असतं तर चाललंही असतं. पण त्यानं काढलं नाही.

"मला सांगता येणार न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पुन्हा कधी सोडतील ते मला माहीत न्हाई. खोटं कशाला सांगू? तुमचा डोह भरलाय तेवढा राहू द्या. त्याच्यावरचं सोडा, एवढंच मनून राहिलो मी."

"आणि न्हाई सोडलं तर?"

उत्तर केवळामायनं दिलं. त्या हरगोलात उभ्या राहिल्या, तसा हरगोल डुलला आणि नीलम्मानं त्यांना कमरेला धरलं.

"शेषेराव, तुझी मधली लेक कुठं दिली?"

शेषेरावांनी नजर पोत्यांकडं वळवली.

"बेलकुंडीला दिली. मी होते लग्नात, जेवून आले. तुझ्या भावाची शेवटली लेक कुठं हाय? तिथंच खाली. आपुन लेकी वर दिल्यात कधी? जिकडं पाणी जाईल तिकडंच देत आलो."

"लेकी दिल्या मनून काय नदी बी द्यायची का?" शेषेराव चिडून म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

बराच वेळ बोलाचाली झाली. कुणी उठून गेलं, कुणी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, बेलकुंडीला टँकर येत न्हाई का, आणि अक्का संक्रांतीला का आली नव्हती ते नीलम्मानं सांगितलं. मग शेषेरावांनी स्वतः खाली वाकून एक पोतं ओढलं. तेवढंच. अर्धा बांध त्यांनी ठेवला. अर्धा सोडला.

"याच्यावर मागू नका," ते म्हणाले.

"न्हाई मागत," सिद्धेश्वर म्हणाला, आणि वाकून त्यांच्याबरोबर पोती ओढू लागला.

*

डांबराचं ठिगळ लावून हरगोल पुन्हा निघाला. पण अर्धं पाणी म्हणजे अर्धीच नदी. जसजसं खाली जावं तशी वाळू ते पीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हरगोलाचं बूड वाळूला लागलं, आणि तिघं उतरून पाण्याच्या बरोबर चालू लागली. पाणी आता हाताच्या रुंदीचं उरलं होतं. एखादं वासरू वाट शोधत यावं तसं ते कधी इकडं वळायचं, कधी थबकायचं.

बेलकुंडी समोर दिसत होती, आणि पाणी थांबलं.

तिथंच. वाळूच्या एका उंचवट्याशी. फेसाचे दोन बुडबुडे फुटले आणि पुढं काही सरकेना.

सिद्धेश्वर गुडघ्यावर बसला. नीलम्मानं त्याचा चेहरा बघितला आणि तिला आठवलं, आपण त्याला शब्द देऊ नका म्हणालो होतो. आपण तसं बोलायला नको होतं, असं तिला आता वाटलं. ती त्याच्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. त्यानं बघितलं, आणि तोही उकरू लागला. पाणी त्यांच्या बोटांमागून आलं.

गावातून बायका धावत आल्या. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या हातात परात. त्यात गौरम्मा होती, वाळलेली, काळवंडलेली. तिनं बहिणीला मिठी मारली नाही. आधी चर खणला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा चरातून एक बारीक धार गावच्या डोहात उतरली. कुणी ओरडलं नाही. सगळ्या बायका तिथंच वाळूत बसल्या आणि तिचा आवाज ऐकत राहिल्या.

मग गौरम्मानं बहिणीचा हात धरला, आणि नजर पलीकडं गेली. डोक्यापासून पायापर्यंत वाळूनं माखलेला एक तरुण, नखं रक्ताळलेली.

"नीलू... हे कोण?"

"पाण्याबरोबर आलेत," नीलम्मा म्हणाली. आणि का कोण जाणे, तिला आता रडू आलं.

*

डोह कमरेएवढा भरला आणि वरून पाणी बंद झालं. नदी पुन्हा वाळूची झाली. काम संपलं होतं. सिद्धेश्वर बसनं लातूरला जाऊ शकत होता. पण हरगोल कवठाळीला कसा न्यायचा? पाणी नसलं की हरगोल डोक्यावरून न्यायचा असतो, पालथा, कासवाच्या पाठीसारखा.

"मी एकटी नेते की," नीलम्मा म्हणाली. "नेहमीच नेते."

"माहीत हाय," तो म्हणाला आणि दुसऱ्या बाजूनं खाली शिरला.

केवळामाय लेकीकडं राहणार होत्या. पण हे बघून त्यांनी गाठोडं पुन्हा उचललं. "चला, मी पुढं होते," त्या म्हणाल्या, आणि म्हाताऱ्या पायांना शोभणार नाही इतक्या झपाझप पुढं गेल्या.

हरगोलाखाली सावली होती. डांबराचा वास, वाळूत चार पायांचा आवाज. बाहेरचं फक्त पायांपुरतं दिसत होतं. पहिला कोस पावलं जुळवण्यातच गेला.

"उदगीरला नदी न्हाई," सिद्धेश्वर एकदम म्हणाला.

"मला काय त्याचं?"

"न्हाई... सांगून ठेवतोय. वडील मन्तात परत ये, दुकानात बस. मी जाणार न्हाई. नदीकाठच्या गावांची जागा हाय आमच्या खात्यात, कुणी मागत न्हाई. मी मागणार होतो."

"मग मागा की."

"मागू का, ते तुमी सांगायचं."

नीलम्मा थांबली. हरगोल थांबला. अंधुक उजेडात तो अगदी जवळ होता आणि तरी तिला नीट दिसत नव्हता.

"सगळ्या साली पाणी येत न्हाई," ती म्हणाली. "कधी दोन दोन वर्षं हरगोल नुसता पडून राहतो. तरी मी डांबर लावते. लोक हसतात. तुमाला लाज वाटंल."

"मला तुमच्यासंगं डांबर लावायचंय."

"...एवढंच?"

"न्हाई. एवढंच कसं?" त्याचा आवाज हरगोलात घुमला आणि तो स्वतःच दचकला. मग अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी तुमी माझं मनगट सोडलं ना... तवापासून ते जाग्यावर न्हाई."

चालायला लागण्याआधी नीलम्मानं एक हात कामट्यांवरून काढला, अंधारात चाचपला, आणि त्याचं मनगट पुन्हा धरलं. एका हातानं हरगोल पेलायला जड जातो. पण तिनं मनगट सोडलं नाही.

कवठाळीच्या काठावर माणसं जमली होती. कुणीतरी लांबूनच बघितलं होतं — हरगोल चालत येतोय, खाली चार पाय. महादेवप्पा काठीला टेकून पुढं आले.

"नीलू, दोन पाय तुझे. बाकीचे कुणाचे?"

हरगोल थबकला. आतून आवाज आला, "माझे, अप्पा. सिद्धेश्वर."

"या की बाहेर."

"येतो. पण आधी एक बोलतो. बाहेर आल्यावर जमंल का न्हाई, सांगता येत न्हाई." काठावरचे सगळे पुढं सरकले. "मला नीलम्मांना मागायचंय. वडील रीतीनं येतील, मी त्यांना आणीन. नीलम्मांनी हरगोल सोडावा असं मी मनणार न्हाई. उलट मला शिकवा मनालो, तर त्या न्हाई मन्तात."

"न्हाई कुठं मन्ले?" हरगोलातून दुसरा आवाज उसळला. "सावकाश मन्ले!"

काठावर हशा पिकला. हरगोलाखाली नीलम्मानं जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

महादेवप्पा हसले नाहीत. ते सावकाश उतार उतरले, काठी बाजूला ठेवली, वाकले आणि हरगोलाचा काठ उचलून आत शिरले. आता आत तिघं होती. त्यांनी सिद्धेश्वरकडं बघितलंही नाही.

"नीलू. तुझ्या मनानं हाय का?"

तिनं मान खाली घातली नाही. वडिलांच्या डोळ्यांत बघितलं.

"हाव, अप्पा."

महादेवप्पांनी तापानं खंगलेला हात वर केला आणि कामट्यांना लावला. "चला मग," ते म्हणाले. "ऊन लागून राहिलंय."

हरगोल हलला आणि सहा पायांवर चढण चढायला लागला. वाटेत दमून मागं पडलेल्या केवळामाय आता धापा टाकत येऊन ओरडत होत्या, "अरे, मला कुणी सांगा की काय ठरलं ते!"

आतून कुणीच उत्तर दिलं नाही. पण तिघंही हसत होती, आणि ते बाहेर ऐकू येत होतं.